सेव्ह होताना हात लावू नको

आमच्या ऑफिसात कुणाचा कम्प्युटर अडकला की मला हाक मारतात, आणि मी आले की वैतागतात. कारण मी काहीच करत नाही. खुर्ची ओढून बसते आणि पांढऱ्या पडलेल्या स्क्रीनकडे बघत राहते. वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहिलेलं असतं, साहेब मागून म्हणतात, "मॅडम, मारा ना एंड टास्क!" मी म्हणते, "थांबा जरा, काम चालू असेल त्याचं." मी भित्री आहे असं सगळ्या ऑफिसचं मत आहे. असू दे.

कंट्रोल, अल्ट आणि डिलीट एकदम दाबून अडकलेला प्रोग्रॅम कसा बंद करायचा हे मला येत नाही असं कुणी समजू नये. हिंगणघाटात आमच्या दुकानात येणाऱ्या कितीतरी जणांना ते मीच शिकवलं. माझ्या सख्ख्या मोठ्या भावालाही मीच शिकवलं. तिथंच चुकलं माझं.

मी मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले त्या वर्षी बाबांनी माझ्यासाठी कम्प्युटर घेतला. बाबा वांगी, मेथी पिकवून हिंगणघाटच्या बाजारात आणायचे. त्यांना कम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाजारात शेजारी बसणाऱ्यांना ते सांगायचे, "माह्या पोरीची बोटं पाह्यजो एकदा, दिसतच नाई." रस्त्यावरच्या एका खोलीत दुकान थाटलं. टायपिंग, लग्नपत्रिका, अर्ज. दादा काउंटरवर बसायचा आणि मी मागे मशीनवर. गिऱ्हाईक आलं की दादाला विचारायचं, "ताई आहेत का?" मी जेवायला गेलेली असले तर म्हणायचं, "मग मी नंतर येतो." दादा हसून म्हणायचा, "मी काय इथं राखणदार आहे का?" मीही हसायचे.

मशीन जुनं होतं. फोटो असलेली मोठी फाईल सेव्ह करायला घेतली की स्क्रीन पांढरी पडायची आणि अर्धा-अर्धा तास तशीच राहायची. मग आम्ही एक पद्धत पाडली होती. दुपारी सेव्हवर टिचकी मारायची, मशीन तसंच चालू ठेवायचं आणि मी सायकलवरून घरी जेवायला जायचं. येईपर्यंत काम झालेलं असायचं. दादाला मी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "दुसरं काई अडकलं तं खुशाल बंद कर. पण सेव्ह होताना हात लावू नको. पांढरं दिसते, पण आतून काम चालू राह्यते. मधातच मारलं का फाईल गेलीच समज." दादाने मान डोलावली होती.

मग जाम गावाकडच्या एका शाळेच्या स्मरणिकेचं काम आलं. हेडमास्तर स्वतः आले आणि दादाला ओलांडून थेट माझ्यापाशी येऊन बसले. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, गुरुजींचे जुने फोटो, शंभराच्या वर पानं. लग्नपत्रिकांच्या पलीकडचं हे माझं पहिलं काम होतं. ते नीट झालं तर आणखी शाळांची कामं येतील, असं हेडमास्तर म्हणाले. बाबांनी तर बाजारात आधीच सांगून टाकलं, पोरगी पुस्तक काढून राह्यली म्हणून.

तीन आठवडे मी मान वर केली नाही. एके दुपारी सेव्हवर टिचकी मारून जेवायला गेले. परत आले तर फाईल बंद, स्क्रीनवर नुसतं डेस्कटॉपचं निळ्या डोंगराचं चित्र. दादा म्हणाला, "आपोआप बंद झालं व. मी तं हातही नाई लावला." फाईल उघडेना. दहा वेळा उघडून पाहिली, उघडेना. दोष मी मशीनला दिला, आणि मशीनपेक्षा जास्त स्वतःला. दुसरी प्रत का नाही ठेवली म्हणून स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

पुन्हा सगळं टाइप केलं. या वेळी अधूनमधून पेन ड्राइव्हवर प्रतही ठेवत गेले. पण छपाईला चार दिवस उरले असताना पुन्हा तसंच झालं. पुन्हा दुपार, पुन्हा तो निळा डोंगर. पेन ड्राइव्हवरची प्रत आठ दिवसांपूर्वीची निघाली. हेडमास्तर कागद गोळा करून वर्ध्याच्या दुसऱ्या दुकानात घेऊन गेले. पायरी उतरता उतरता दादा त्यांना म्हणाला, "लहान आहे सर ती. एवढं मोठं काम नाई जमत तिले." माझ्या बाजूने बोलतोय असंच मला वाटलं.

त्या संध्याकाळी बाबा घरी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे पोरी. सगळ्यायलेच सगळं जमते असं नाई." इतकं कुणीच लागेल असं बोललं नव्हतं. ज्या माणसाने बाजारभर माझी बोटं मिरवली, त्यानेच हे म्हणावं! मी दुकानात बसायचं सोडलं. नोकरीची परीक्षा दिली, वर्ध्याला कारकून झाले, शेजारच्या बोरगाव मेघेत संसार मांडला. बाबा गेले तेव्हा त्यांचा हात हातात घेऊन मी मनात एवढंच म्हटलं, की मला जमायला हवं होतं.

दुकान दादाचं झालं. आता तिथं त्याची मुलगी बसते, बॅनर करते. गेल्या वर्षी दादाकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेले, तेव्हा ताटं वाढायला वेळ होता म्हणून दुकानात जाऊन बसले. भाची मशीनवर होती; ती मोठी फाईल सेव्ह करतेय हे मला दिसलं नव्हतं. स्क्रीन पांढरी पडली. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं, म्हणून मीच सहज म्हटलं, "बंद करून पाह्य ना."

दादा काउंटरवरून ओरडलाच, "नाई नाई, हात नको लावू! सेव्ह होताना मारलं का फाईल जाते."

मी त्याच्याकडे पाहिलं. "तुले कधीपासून माहीत आहे हे?"

"तूच तं सांगतलं होतं. दुकान उघडलं तेव्हाच." म्हणाला, आणि गल्ल्यातली चिल्लर चाळायला लागला. त्याचा चेहरा उतरला. त्यावरूनच मला कळलं. तेव्हा काही आपोआप बंद झालं नव्हतं.

"दोन्ही वेळेस?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "सगळे तुलेच विचारत. मी माह्याच दुकानात पाणी देणारा झालतो. डोक्षातच गेलं माह्या." भाची कधी माझ्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होती. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि मी इतकी वर्षं त्याच हाताला राखी बांधत होते.

"बाबा हेच मनात घेऊन गेले," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "पोरीले जमलं नाई म्हणून गेले ते. त्यायले तरी सांगाचं होतं तू."

"सांगतलं होतं," दादा म्हणाला. "सर कागद घेऊन गेले त्याच दिवशी, तू घरी गेल्यावर. लय रडलो मी त्यायच्यापाशी. बाबाच म्हणाले, तिले काई सांगू नको. ती आज ना उद्या सासरी जाईन, दुकान तुलेच पाह्याचं आहे."

मला आधी ते समजलंच नाही. मग ती संध्याकाळ आठवली. डोक्यावरचा तो हात आठवला. ते माझ्यापाशी आले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. माहीत असूनच ते म्हणाले होते, सगळ्यायलेच जमते असं नाई. दादाचा राग मला आला, येतोही अजून, पण तो समोर आहे, त्याच्याशी भांडता येतं. बाबांशी कुठं भांडू?

"आत्या, झालं सेव्ह," भाची हळूच म्हणाली.

दादा माझ्या मागे मागे दारापर्यंत आला. "जेवून तं जाजो व," म्हणत होता. दुकानाच्या दारावर बाबांचा हार घातलेला फोटो आहे. दर वेळी निघताना मी त्याला हात जोडते. त्या दिवशी वर न बघता पायऱ्या उतरले.