खडूचा घेरा

छापून येतात त्या बातम्या. डेस्कवर कापल्या जातात त्यांचे किस्से होतात. भंडारा जिल्ह्यात आयुष्यभर बातमीदारी करून माझ्याकडे किस्सेच जास्त साठलेत! त्यातले निम्मे आमच्या गावच्या ज्युनियर कॉलेजचे, म्हणजे फिजिक्सच्या मेश्राम सरांचे.

सर कुठलंही गणित सोडवण्याआधी फळ्यावर घेरा काढत. "आत कोण, बाहेर कोण, हे आधी ठरवा. बाहेरून कोणी धक्का दिला नाही, तर आतला एकूण संवेग बदलत नाही."

स्टाफरूममध्ये कॅरम खेळताना त्यांचा स्ट्रायकर हुकला, की हिंदीचे सर टोमणा मारत, "मेश्राम, आज घेरा काढाचा राहिला वाट्टे!"

*

एकदा सरांनी वर्ग तलावावर नेला आणि डोंग्यातून काठावर उडी मारून दाखवली. डोंगा मागे सरकला, सर बुटांसकट पाण्यात!

बारावीची प्रणाली ओरडली, "सर, नियम बराबर निघाला! तुमीच चुकले!"

भिजलेले सर हसत म्हणाले, "हिले शंभरपैकी शंभर!"

*

कॉलेजला येताना पुलापुढच्या रस्त्यावर प्रणालीच्या सायकलला रेतीच्या टिप्परने समोरून उडवलं. पोरगी जागीच गेली.

पंचनाम्यात आलं, टिप्पर उभा होता, मुलगीच येऊन धडकली!

सर ठाण्यात गेले, सोबत मी. सायकल पुलावरून पुढे आली होती आणि सापडली ती मागे, पार पुलाच्या कठड्याशी. सरांनी विचारलं, "उभ्या टिप्परनं तिला एवढं मागं कसं फेकलं?"

ठाणेदार साहेब म्हणाले, "सर, तुमचा नियम वर्गात. रस्त्यावर आमचा."

मी सगळं लिहून पाठवलं. छापून काय आलं? "तोल जाऊन विद्यार्थिनीचा मृत्यू." टिप्परचं नावसुद्धा नाही!

*

थोड्याच दिवसांत टिप्पर पुन्हा धावू लागले. एका सकाळी सरांनी त्याच जागी, भर रस्त्यात, खडूने मोठा घेरा काढला आणि आत खुर्ची टाकून बसले.

पहिला टिप्पर करकचून थांबला. ड्रायव्हर खेकसला, "ओ मास्तर, मराचं हाये का? हटा!"

"थांबते ना टिप्पर?" सर म्हणाले. "मंग त्या दिवशी काहून नाही थांबला?"

पोलिसांची जीप आली. साहेब नरमाईनं म्हणाले, "सर, बाहेर या." सर हलले नाहीत. शिपायांनी खुर्चीला हात घातला.

तेवढ्यात गर्दीतून प्रणालीचे वडील पुढे आले. पोरगी गेल्यापासून हा माणूस कोणाशी बोलला नव्हता. खडूच्या रेघेपाशी त्यांनी चपला काढल्या, आत जाऊन जमिनीवर बसले.

"थोडसे सरका ना, सर. मले बी अंदर बसू द्या."