दत्तरावांची डिस्क बदलली

पाथरीत तहसिलीच्या फाटकापासून चाळीस पावलांवर दत्तरावांचं टायपिंगचं दुकान आहे. चाळीस हा आकडा त्यांचा स्वतःचा. पावलं मोजायची सवय त्यांना तीन वर्षांपूर्वी लागली, आणि ती का लागली हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुकानात एक टेबल, एक प्रिंटर, गिऱ्हाइकाला दोन खुर्च्या आणि एक जुना कॉम्प्युटर. सकाळी त्याचं बटण दाबून दत्तराव दुकान झाडत, माठ भरत, उदबत्ती लावत, वर चहाही घेऊन येत. तोवर कॉम्प्युटर नुकता डोळे चोळत असे. नऊ मिनिटं लागत. घाईचं गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं की दत्तराव म्हणत, "आत दळण चालू हाय. जरा बसा की."

माणूस साठीला आलेला. तरुणपणी मराठी टायपिंगची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला, आणि ही गोष्ट समोरच्याला पाच मिनिटांत कळेल याची काळजी घेणारा. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, तेव्हा परभणीच्या एका हुशार गड्याने त्यांना जुन्या मशीनसारखाच चालणारा कीबोर्ड बसवून दिला. बोटं जिथे जायची तिथेच अक्षर. वर एक खास सोय: एक कळ दाबली की 'तालुका पाथरी, जिल्हा परभणी' आपोआप उमटायचं, दुसरी दाबली की 'सबब विनंती की'. तो गडी पुढे पुण्याला गेला आणि फोन नंबर बदलून मोकळा झाला. ज्या सीडीवरून त्याने हे सगळं घातलं होतं, ती दत्तरावांच्या घरी बरीच वर्षं पापडाच्या डब्यावर झाकण म्हणून होती. नंतर तीही गेली.

तर गोष्ट अशी की दत्तरावांना दिसत नव्हतं. अगदी काहीच नाही असं नाही. माणूस दिसे, त्याचा चेहरा दिसत नसे. पडदा दिसे, त्यावरची अक्षरं म्हणजे भुरभुरलेला भुगा. मोतीबिंदू असणार हे त्यांना कळत होतं, पण डॉक्टरकडे गेलं की बातमी फुटणार. 'टायपिंगवाला आंधळा झाला' म्हटल्यावर लोक समोरच्या ऑनलाइन सेंटरात जाणार आणि आपण घरी बसून भिंतीकडे बघणार, तीही न दिसणारी. म्हणून त्यांनी एक पद्धत बसवली. पडद्यावर डावीकडे अर्जांच्या फायली एकाखाली एक ठेवल्या आणि त्यांची जागा पाठ केली. पहिला उत्पन्नाचा, दुसरा वारसाचा, तिसरा हयातीचा, असं खाली आठपर्यंत. वरून मोजत बाण दाबायचा, फाईल उघडायची. प्रत्येक अर्जात रिकाम्या जागांचा क्रम एकच: नाव, वय, गाव, तारीख. ते भरायचं, छापायचं, अंगठा घ्यायचा. तीन वर्षांत त्यांचा एकही अर्ज परत आला नव्हता. आपलं झाकलेलं आहे याचा त्यांच्याकडे हा एवढा एकच पुरावा होता, आणि तो त्यांना पुरत होता.

दिवाळीनंतर कॉम्प्युटरच्या पोटातून खडखड आवाज यायला लागला. नऊ मिनिटांची तेरा झाली. शेवटी दत्तरावांनी परभणीच्या वैदेहीला बोलावलं. ही त्यांच्या ओळखीच्या एका मास्तरांची पोरगी. स्टेशन रोडला तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळच्या जीपने ती आली, सीपीयूचं झाकण काढलं, कान लावला आणि म्हणाली, "काका, हार्ड डिस्क चालली तुमची. आठ दिवस काढंल, न्हाईतर दहा. मी नव्या जातीची डिस्क आणलीय, एसएसडी. नवीन विंडोज टाकून देते, एकदम कोरं."

दत्तरावांनी सीपीयूवर हात ठेवला. कोरं म्हणजे कीबोर्ड गेला, कळा गेल्या, फायलींच्या जागा गेल्या. कोरं म्हणजे कायमचं घरी बसणं.

"कोरं नको," ते म्हणाले. "हाय तसंच उचलून नव्यात ठेव. एक टाचणी इकडची तिकडं व्हायला नको."

"जुनं विंडोज हाय काका. नव्यात लय सोयी असत्यात."

"मला सोय नको. मला जसंच्या तसं पाहिजे."

वैदेहीने फार ताणलं नाही. जुनी सगळी डिस्क, विंडोजसकट, नव्या डिस्कवर उतरवून घेता येते हे तिने समजावून सांगितलं. नव्या डिस्कला आत फिरणारी तबकडीच नसते, म्हणून खडखडही नाही आणि नऊ मिनिटंही नाहीत. मग केबल लावून काम सुरू केलं. मरायला टेकलेल्या डिस्कवरून वाचायचं, म्हणजे घाई करून उपयोग नव्हता. पडद्यावर टक्के सरकत होते. दत्तराव समोर बसून मोठ्या तज्ज्ञासारखे बघत होते. एकदा म्हणाले, "झालंच की आता." तेव्हा अकरा टक्के झाले होते. वैदेहीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

एक वाजता जुनी डिस्क काढून नवी बसली. बटण दाबलं. दत्तराव सवयीने झाडू घ्यायला उठले, तोच वैदेही म्हणाली, "झालं सुरू." दत्तराव झाडू हातात धरून उभेच राहिले. मग खुर्चीत बसले, नवी फाईल उघडायला लावली आणि न बघता चार ओळी बडवल्या. ती खास कळ दाबली.

"तालुका पाथरी, जिल्हा परभणी," वैदेहीने वाचलं. "सगळं बरोबर उमटलंय काका."

दत्तरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांचं तेवढं काम अजून नीट चालू होतं.

आता वैदेहीच्या आईने तिला लहानपणापासून एक शिकवलं होतं: कुणाचं भांडं परत द्यायचं तर रिकामं द्यायचं नाही, चार दाणे साखर तरी घालायची. दत्तराव हात धुवायला मागे गेले तेव्हा तिला पडद्यावरच्या फायली दिसल्या. ना नावाने, ना तारखेने, कशाचा कशाला पत्ता नाही. तिने दोन बटणं दाबून त्या नावाने ओळीत लावून दिल्या. ही साखर. मग पिशवी घेऊन ती जीप गाठायला गेली.

ती जाते न जाते तोच सरजाबाई आली. जवळच्या खेड्यातली, बहात्तर वर्षांची, विधवा. तिचं अनुदान थांबलं होतं, कारण कागदोपत्री ती वारली होती. आपण जिवंत आहोत असा अर्ज तिला द्यायचा होता. दत्तरावांनी वरून तीन मोजले, फाईल उघडली, नाव, वय, गाव, तारीख भरली, छापून अंगठा घेतला. सगळं मिळून दोन मिनिटं. सरजाबाईलाही नवल वाटलं. कागद पदरात गुंडाळून ती गेली. दत्तराव खुर्चीत रेलले. आणखी दहा वर्षं काही बघायला नको, असं त्यांना वाटलं.

अर्ध्या तासाने सरजाबाई परत आली. जीप अजून भरली नव्हती म्हणून वैदेहीही दुकानात येऊन टेकली होती. सरजाबाईने कागद टेबलावर ठेवला.

"दत्तराव, माझं लगीन लावायलात व्हय?"

"काय झालं मावशी?"

"सायेबानं वाचून दावलं समद्यांम्होरं. म्हणले, मावशी, तुमी हयात हाव हे आमाला पटलं, पण ही परवानगी ठाण्यातून घ्यावी लागती."

वैदेहीने कागद उचलून वाचला. वय वर्षे बहात्तर असलेल्या अर्जदार सरजाबाई यांच्या लग्नाची वरात बसस्थानकापासून निघणार असून डीजे लावण्यास परवानगी मिळावी, नाचणाऱ्यांच्या वर्तनाची जबाबदारी अर्जदाराची राहील, असा तो अर्ज होता. तिचा चेहरा उतरला. हयातीचा अर्ज नावाप्रमाणे तळाला गेला होता आणि डीजेचा तिसरा आला होता.

"काका, चूक माझी हाय," ती म्हणाली. "फायली मीच नावानं लावल्या. मावशी, काकांचं काय न्हाई ह्यात, कॉम्प्युटरमुळं झालं."

दत्तरावांना सुटायला एवढी मोठी वाट झाली होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं. सरजाबाई पोरीला दोन शब्द बोलली असती, पोरीने ऐकून घेतले असते, आणि पुढचा अर्ज निघाला असता. दत्तरावांनी तोंड उघडलंसुद्धा. पण जसंच्या तसं करून देणाऱ्या पोरीवर आपलं आंधळेपण ढकलायचं हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"तिचं काय चुकलं न्हाई," ते म्हणाले. "फाईल कुठंबी असली तरी डोळसाला वाचता येती. मला दिसत न्हाई, मावशी. तीन साल झाले."

हे वाक्य मोठ्याने बोलल्यावर काहीतरी कोसळेल असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. सरजाबाईने नुसतं खुर्चीवर बूड टेकलं.

"ते ठाव हाय की आमाला."

"काय ठाव हाय?"

"तुमाला दिसत न्हाई ते. समद्या पाथरीला ठाव हाय. तुमच्याकडचा कागद घेऊन मधी आश्रुबाच्या हाटेलात थांबायचं, त्यानं वाचून दुरुस्त केला की म्होरं जायचं. आज तो सोयऱ्याच्या मातीला गेलाय. मला वाटलं, एका दिसानं काय हुतंय."

आश्रुबाचं चहाचं हॉटेल दुकान आणि फाटक यांच्या बरोबर मध्ये आहे. दत्तराव तिथे रोज तीन वेळा चहा पीत. आधी त्यांना राग आला, आश्रुबाचा, सरजाबाईचा, सगळ्या तालुक्याचा. मग लाज वाटली, आणि ती बराच वेळ गेली नाही. वैदेहीने तेवढ्यात फायली त्यांच्या जुन्या जागी नेऊन ठेवल्या, कुठली कुठे ते त्यांनाच विचारून. सरजाबाईचा अर्ज पुन्हा निघाला. या वेळी वैदेहीने तो मोठ्याने वाचला आणि दत्तरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज छापल्यावर दत्तरावांनी गिऱ्हाइकाला बसवून ठेवलं आणि कागद घेऊन स्वतः वीस पावलं चालत गेले. आश्रुबाने हात पुसले, खिशातलं निळं पेन काढलं आणि काही न विचारता वाचायला घेतलं.

"चुका किती असत्यात रे?" दत्तरावांनी विचारलं.

"कुठं? कवातरी एखादी," आश्रुबा म्हणाला.

"महिन्याला दोन पेनं लागत्यात," आतून त्याच्या बायकोने सांगितलं.

दत्तराव तिथेच बाकावर बसले. चहा आला तो त्यांनी सावकाश घेतला. मग त्यांनी आश्रुबाला परभणीच्या डोळ्यांच्या दवाखान्याचा नंबर लावून द्यायला सांगितलं.