स्पासची वही आणि अडतीस बरण्या

माझं दुकान तळघरात आहे. त्याची खिडकी फुटपाथला टेकलेली, म्हणून ज्याला पाव, सिगारेट किंवा बिअर हवी असेल त्याने गुडघे वाकवायचे, खिडकीत तोंड घालायचं आणि मागायचं. बल्गेरियातल्या आमच्या पेर्निकमध्ये सगळे वाकतात. नगरपालिकेचा इंजिनिअर वाकतो. आमचा पाद्री चर्चमध्ये वाकत नाही एवढा सिगारेटसाठी वाकतो. फक्त सहाव्या मजल्यावरचा स्पास लाझोव्ह अकरा वर्षांत एकदाही वाकला नव्हता. तो उभ्या उभ्याच ओरडायचा, "स्तांका, एक पाव, दोन बिअर!" आणि नाणी बुटाच्या टोकाने खिडकीत ढकलायचा.

"दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकतो," म्हणायचा. "पावासाठीही वाकायला लावशील तर उपाशी राहीन."

त्यामुळे मी त्याला बुटांवरूनच ओळखायची. तपकिरी बूट, डाव्या बुटाला नाडीऐवजी वायरचा तुकडा.

स्पास लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या वसाहतीतल्या लिफ्टा माझ्या लग्नाआधीच्या आहेत आणि माझ्या नवऱ्यासारख्याच अर्ध्यावर बंद पडतात, म्हणजे कामाला तोटा नव्हता. तोटा होता पगाराला. पण वसाहतीत त्याचं नाव झालं ते लिफ्टांमुळे नाही, वहीमुळे.

परदेशी जायचं कुणाच्या डोक्यात आलं की तो आधी स्पासकडे यायचा, पासपोर्टाचं नंतर बघायचा. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे वर लिहिलेलं 'इथं', उजवीकडे 'तिथं'. पाव, घरभाडं, वीज, दात काढण्याचे पैसे. त्याखाली पैशात न मोजता येणाऱ्या गोष्टी: डॉक्टरकडे किती वेळ ताटकळावं लागतं, शेजारी तोंड उघडून नमस्कार करतो का, रविवारी घरात भांडायची मुभा आहे का. ही सगळी माहिती तो गेलेल्या लोकांना फोन करकरून काढायचा. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला गेलेल्या एकाने त्याचा नंबरच बंद करून टाकला होता.

माझ्या खिडकीसमोर एक बाक आहे. त्याची कचेरी तिथंच. तळमजल्यावरचा प्लामेन बायकोला घेऊन आला तेव्हा मी सगळं ऐकलं, कारण कान झाकायला मला हात मोकळे नव्हते.

"स्पासकाका, व्हॅलेन्सियात पगार अडीचपट आहे हो."

"मिरच्या किलोला किती?"

"मिरच्यांसाठी कोण चाललंय?"

"हिवाळ्यात काय खाशील मग, पगार? बरं, इथं तुला मिरच्या कितीला पडतात?"

"सासूबाई शेतातून पाठवतात."

"शून्य. केस?"

"मेहुणा कापतो."

"दिसतंय. शून्य. दारू?"

"घरचीच की."

"शून्य. पोर कोण सांभाळतं?"

"आई."

"शून्य! बघ लेका, राजा आहेस तू आणि तुलाच पत्ता नाही."

राजा राहिला इथंच. आता पेर्निकमध्ये टॅक्सी चालवतो आणि स्पास दिसला की गाडी पलीकडच्या बाजूला घेतो.

वहीला न विचारता गेली ती एकटी व्हेलिका, स्पासची बायको. तिचा शिवणकारखाना बंद पडला, आणि पंधरा दिवसांत ती एका नव्वदीच्या म्हातारीला सांभाळायला ऑस्ट्रियात, लिंत्सला निघाली. जाताना हातात एक बॅग. स्पास बाकावर बसून आकडे लिहीत होता.

"तू हिशोब पुरा कर," ती म्हणाली. "मी तोवर पोचते."

त्याला दोन वर्षं झाली. दर महिन्याला बोयानची मिनीबस लिंत्सला जायची, आणि तिच्यातून स्पास बायकोला बरण्या पाठवायचा. आधी तिनेच करून ठेवलेल्या, मग त्याने स्वतः केलेल्या. बाल्कनीत विजेच्या भट्टीवर तांबड्या ढोबळ्या मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोबरोबर आटवून चटणी करायची. पहिल्या वर्षीची चटणी मी चाखली होती. तिने लिफ्टचा गंज निघाला असता. व्हेलिकाने ती खाल्ली की फेकली देव जाणे, पण बरण्या धुऊन परत यायच्या आणि कधीच रिकाम्या यायच्या नाहीत. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी कळतं. एका बरणीत कॉफी, एकीत चॉकलेटं, एकीत लोकरी मोजे, एकदा गुडघ्याला लावायचं मलम. स्पास ते सगळं काढून बाकावर मांडायचा, तिला फोन करून मोजे कितीला पडले ते विचारायचा, आणि 'तिथं'च्या रकान्यात लिहायचा: मोजे, महाग.

सप्टेंबरात तिचा फोन आला. म्हातारीच्या इमारतीतली लिफ्ट सांभाळणाऱ्या कंपनीला माणूस हवा होता. ती स्वतः जाऊन बोलून आली होती.

"मला जर्मन येत नाही," स्पास म्हणाला.

"लिफ्टला तरी कुठं येतं?" ती म्हणाली. "दिमित्रच्या सणापर्यंत सांग. नाही म्हणालास तर मी म्हातारीबरोबर आणखी तीन वर्षांचा करार करते. मग तुझं तू बघ."

ऑक्टोबर अखेरचा हा सण म्हणजे आमच्याकडे पूर्वी गड्यांचं वर्ष संपायचा दिवस. राहायचं की सुटायचं ते त्या दिवशी सांगायचं. स्पासला हे ठाऊक होतं. त्याने नवी वही घेतली.

महिनाभर तो लिहीत होता. भाडं धरून, भाडं न धरून, बर्फ जास्त पडला तर, कमी पडला तर. दरवेळी 'इथं' जिंकायचं. बोटांना मिरच्यांची काळी सालं चिकटलेली, सदरा तीन दिवसांचा, आणि आवाजात विजय.

मला राहवेना. "अरे, तुझं 'इथं' जिंकतंय कारण त्यात काही लिहिलेलंच नाही. स्वयंपाक शून्य, धुणं शून्य, चटणी शून्य. ही शून्यं कोण राबून करत होतं रे?"

"स्तांका, तू पाव विक," बूट म्हणाले.

सणाच्या दिवशी त्याने तिला सांगितलं, "आणखी एक आठवडा दे. हीटिंगचे आकडे यायचेत." तिने फोन ठेवला. स्पासला वाटलं, लाइन गेली.

पुढच्या फेरीला बोयानने माझ्या खिडकीसमोर दोन खोकी उतरवली. एरवी तो खोकी टाकून पळतो. त्या दिवशी टोपी काढून उभा राहिला.

"काय म्हणाली?" स्पासने विचारलं.

"काही नाही. मोजून दे म्हणाली."

अडतीस बरण्या. स्वच्छ धुतलेल्या, झाकणं लावलेल्या, रिकाम्या. स्पास एकेक झाकण उघडत गेला. मला वाटलं दोन-चार उघडून थांबेल. तो अडतीसही उघडून बसला, प्रत्येकीत डोकावला, आणि शेवटची तर त्याने उलटी करून झटकली. आमच्याकडे अशी भांडी परत येतात ती संबंध तोडलेल्या घरून. बोयान बुटांकडे बघत होता, मीही.

मग त्याने तिथंच फोन लावला. यंत्रांत राहून कान गेलेला माणूस, फोनचा आवाज नेहमी मोठा ठेवतो. म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"व्हेलिका, बरण्या रिकाम्या आल्या गं."

"हो."

"घाईत टाकायचं राहिलं का काही?"

"दोन वर्षं टाकलं, स्पास. प्रत्येक मोज्याची किंमत विचारलीस. ते घालून पाय गरम झाले का, हे एकदा तरी बोललास?"

"झाले होते. मी वहीत—"

"तुझ्या वहीत मी कुठं आहे? कितव्या पानावर?"

पानं उलटायचा आवाज आला. मूर्ख माणूस खरंच शोधत होता.

"शोधतोय," तो म्हणाला.

"शोध." आणि फोन बंद.

तपकिरी बूट बाकाकडून खिडकीकडे वळले. मग खिडकीसमोर आधी एक गुडघा आला, मग दुसरा, दोन्ही कडकडले, आणि अकरा वर्षांनी मला स्पासचं तोंड दिसलं. दाढी पांढरी झाली होती. मला कुणी सांगितलंच नव्हतं. डोळे लाल, नाक वाहतंय.

"स्तांका, बोयानची गाडी परत कधी निघते?"

"उद्या सकाळी सहाला. भाडं विचारून—"

"भाडं नको विचारूस."

हे शब्द त्याच्या तोंडून ऐकायला मिळतील असं मला वाटलं नव्हतं. मला रडू आलं. रडत रडतच मी त्याच्या हातात लोणच्याच्या काकड्यांची एक बरणी दिली, बरणी माझी आहे हे दोनदा बजावलं, आणि आदल्या दिवशीच्या बिअरचे पैसेही मागून घेतले. त्याने खिशातून दोन्ही वह्या काढून खिडकीतून आत सरकवल्या.

"सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या बांध."

बांधल्या. अख्खा हिवाळा पेर्निकने जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या घरभाड्यांतून बिया खाल्ल्या. प्लामेनच्या पुडीवर नेमके व्हॅलेन्सियाचे आकडे आले. त्याने ते बाकावर बसून वाचले आणि स्पासच्या सात पिढ्या काढल्या.

मार्चात बोयानने माझी बरणी आणून दिली. आत वेफर बिस्किटं, आणि बिस्किटांखाली घडी घातलेला कागद. उघडला तर मधोमध रेघ! माणूस देश बदलेल, पण खोड बदलेल तर तो स्पास कसला. मिरच्या किलोला चार युरो, दरोडा. केस व्हेलिका कापते, वाईट कापते. बाल्कनीत मिरच्या भाजायला बंदी, भाजल्या, शेजारणीने अग्निशामक दल बोलावलं, त्यांनी दोन-दोन खाल्ल्या. मोजे गरम. आणि तळाशी 'व्हेलिका' असं लिहून पुढे किमतीची जागा मोकळी सोडली होती. तिथं शून्यही नव्हतं.

वाचताना काहीतरी खटकत होतं. मला वाटलं, गडबडीत गड्याने रकाने उलटे लिहिले. महागड्या मिरच्या, अग्निशामक, व्हेलिका हे सगळं डावीकडे, 'इथं'खाली. आणि उजवीकडे, 'तिथं'खाली, माझा पाव, माझी बिअर, आमचा बाक.

पुन्हा वाचलं. चूक नव्हती.

फार वाईट वाटलं मला, आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्याचा रागही आला. त्या रागातच मी बरणी धुतली, पुसली आणि घरची चटणी भरायला घेतली. बोयान शुक्रवारी निघतो.