वाचून दाखवलं, समजलं, अंगठा दिला

बबनरावांनी मोटारसायकल आमच्या खोलीच्या दारातच आडवी लावली आणि गाडीवर बसल्या बसल्याच विचारलं, "म्याडम, आमच्या हिराला तुमी काय वाचून दाखवलं?"

मी रक्त तपासायच्या सुया डब्यात लावत होते. सकाळचे आठ वाजले होते. लोणीतलं काम त्या दिवशी सुरू व्हायचं होतं आणि मी उगीचच खुशीत होते.

बबनराव आमचे घरमालक. लोणीच्या दूध डेअरीचे चेअरमन, त्यामुळे त्यांनी मान हलवली की अर्ध्या गावाची हलायची. हिराबाई त्यांची धाकटी बहीण, जुन्नरकडच्या आणे गावात दिलेली. वडील वर्षापूर्वी वारले होते. येत्या सोमवारी हिराबाईला तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घ्यायचा होता. साक्षीदार ठरले होते, जीप सांगून ठेवली होती, साडी आणून झाली होती. आणि बाईनं निरोप धाडला होता, आधी कागद वाचून दाखवा.

"चाळीस वर्सांत तिनं कदी कागदाचं नाव काढलं न्हाई," बबनराव म्हणाले. "तुमी तिच्या घरी जाऊन आल्या आन आठ दिसांत कागद मागाया लागली. आता मला सांगा, हे काम कुनाचं?"

काम कुणाचं हे सांगायला मला आफ्रिकेपासून सुरुवात करावी लागली असती. बबनरावांना तेवढी सवड नव्हती. तुम्हाला सांगते.

मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत फील्ड सुपरवायझर होते. नव्वदीची शेवटची वर्षं. आमच्याकडे एस्तर नावाची एक बाई पीएच.डी.साठी आली होती, आफ्रिकेतल्या एका देशातून. तिचा विषय होता, शेतात राबणाऱ्या बायका काय खातात, किती राबतात आणि त्यांच्या अंगात रक्त किती असतं. म्हणजे आरोग्य, शेती आणि समाजशास्त्र, तिन्ही एकाच पोत्यात. अर्धा अभ्यास तिच्या देशात झाला होता. उरलेला अर्धा आमच्याकडे, जुन्नर तालुक्यातलं आणे आणि आंबेगावातलं लोणी या दोन गावांत व्हायचा होता. उन्हाळा संपला की तिची परवानगीही संपणार होती.

परवानगी तिच्या देशातल्या समितीची. ही समिती म्हणजे माणसांवरचं संशोधन मंजूर करणारी आणि मंजूर केल्यावरही मानगूट न सोडणारी मंडळी. त्यांनी एक संमतीपत्र ठरवून दिलं होतं, तीन पानांचं. मी त्याचं मराठी केलं. ते मराठी दुसऱ्या एकाने परत इंग्रजीत केलं. ते इंग्रजी समितीने मूळ कागदाशी ताडून पाहिलं आणि माझ्या सात चुका काढून पाठवल्या. मराठीचा एक शब्द येत नसताना!

बरं, एवढ्यावर भागत नव्हतं. नियम असा होता की तिन्ही पानं प्रत्येक बाईला मोठ्याने वाचून दाखवायची. मग तिला विचारायचं, बाई, काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. तिने बरोबर सांगितलं तरच सही नाहीतर अंगठा घ्यायचा. एक प्रत तिच्याकडेच ठेवायची.

मी तोवर बारा वर्षं फील्डवर घालवली होती. आमची पद्धत सोपी होती. "ताई, सरकारी काम आहे, इथं अंगठा द्या." ताई द्यायची. आम्ही पुढच्या घरी. त्यामुळे हे तीन पानी पारायण मला अगदी नकोसं झालं होतं, आणि तसं मी एस्तरला तोंडावर सांगितलंही होतं. ती म्हणाली, "मलाही कंटाळा येतो. वाच."

आण्यात पहिल्याच दिवशी गंमत झाली. बायका रक्त द्यायला तयार. बोट पुढे, सुई टोचली, थेंब काचेवर, एवढंसं "आई गं" आणि हसणं. पण शाईचं पॅड उघडलं की हात पदराखाली. रक्त घ्या, अंगठा मागू नका. मी कपाळाला हात लावला. अंगठा नसेल तर समितीच्या हिशेबी ते रक्त बेकायदा होतं.

कोडं सोडवलं ते हिराबाईनं. पडवीत बाजरी निवडत बसली होती. म्हणाली, "अंगठा द्याया आमाला काय व्हतंय? पर आमी अंगठा दिला की कायतरी जातं. आता ह्या कागदात काय सोडायचं हाय, ते आधी सांगा."

गावाकडे बाईच्या अंगठ्याची खरी गरज आयुष्यात बहुधा एकदाच पडते. वडील गेले की जमिनीवर मुलांच्या बरोबरीनं मुलींची नावं लागतात. मग भाऊ बहिणीला घ्यायला येतो. पुरणपोळीचं जेवण, साडीचोळी, जीपची फेरी आणि कचेरीत एक अंगठा. मला माझा वाटा नको, तो मी भावाला सोडला, असा तो कागद. त्याचं नाव हक्कसोडपत्र. नाही म्हणायला कायद्यानं कुणाची बंदी नाही. फक्त मग माहेर तुटतं. म्हणून कुणी म्हणत नाही.

मीसुद्धा म्हटलं नव्हतं. माझं माहेर पिंपळवंडीचं. मी एम. ए. होऊन नोकरीला लागले होते, तरी अण्णाने, म्हणजे माझ्या भावाने, पेन पुढे केल्यावर मी "कुठं करू?" एवढंच विचारलं होतं. त्या दिवशी पोळ्या फार छान झाल्या होत्या.

तर हिराबाईसमोर मी पारायण सुरू केलं. ती बाजरी निवडता निवडता ऐकत होती. दुसऱ्या पानावर तिचा हात थांबला.

"हे परत वाचा."

मी वाचलं. "मला वाटेल तेव्हा, कोणतेही कारण न सांगता, मी माघार घेऊ शकते. माघार घेतल्यास माझ्याशी कोणी वेगळे वागणार नाही."

"माघार घेतली तरी तुमी बोलनं सोडनार न्हाई?"

"नाही."

"आसं लिवलंय?"

"लिहिलंय."

तिने ते तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग काय समजलं ते सगळं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत, घडाघडा सांगितलं, अंगठा दिला आणि आपली प्रत मागून घेतली. पत्र्याच्या ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली ती ठेवताना मी पाहिलं. मला कौतुक वाटलं. पुढचं काही डोक्यात आलं नाही.

आणि आता बबनराव दारात येऊन जाब विचारत होते.

"न्हाई म्हंजी, वाचाया कुनाची हरकत न्हाई," ते जरा नरमले. "पर गावात काय इज्जत राह्यली? सख्ख्या भावाला कागद वाच म्हनती! उंद्या ती माहेरी येनार हाय. तुमी यायचं आन तिला समजून सांगायचं, की तुमचा कागद येगळा आन ह्यो येगळा. तिचा इस्वास हाय तुमच्यावर. तिनं अंगठा दिला की लोणीतली समदी घरं मी सोता हिंडून दाखवतो. आन न्हाई दिला, तर मंग लोणीत तुमचं काय काम न्हाई."

मी "बरं" म्हणाले. खरं सांगते, मी ते करायला निघालेच होते. एस्तरचा इथला अर्धा अभ्यास लोणीवर अडला होता आणि दुसरं गाव शोधायला सवड नव्हती. शिवाय बबनराव काही दुष्ट माणूस नव्हते. भाड्यात दूध घालून द्यायचे. हिराबाईच्या आजारपणात त्यांनीच तिला पुण्याला नेऊन आणलं होतं. जमीन बहिणीची असू शकते, एवढं एक सोडलं तर बहिणीसाठी काहीही करणारा भाऊ होता.

एस्तरला मी सगळं सांगितलं. तिने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे ट्रंकेतून एक फॉर्म काढला. अभ्यासामुळे कुणाला अनपेक्षित त्रास झाला तर समितीला लगेच कळवायचं, असा नियम होता. सुई टोचलेली जागा पिकली, कुणी चक्कर येऊन पडलं, असल्या गोष्टींसाठीचा तो फॉर्म. त्यात एस्तरने लिहिलं, 'सहभागी स्त्रीने दुसरा एक कागद वाचून दाखवण्याची मागणी केली. तिच्या भावाला त्रास झाला.'

दुसरी गोष्ट म्हणजे तिने मला विचारलं, "त्या माणसाचा कागद तू वाचलायस?"

"नाही."

"मग तो वेगळा आहे हे तू तिला कशाच्या जोरावर सांगणार?"

मी जरा रागानेच म्हणाले, "तुमच्याकडे असं नसतं वाटतं?"

"माझ्या आईच्या वेळी कागदही नव्हता," ती म्हणाली. "मामाने नुसतं तिच्याकडे बघितलं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही बबनरावांच्या ओसरीवर गेलो. हिराबाई खांबाला टेकून बसली होती. समोर ताटात साडी, वर नारळ. दोन साक्षीदार चहा पीत होते. बबनरावांनी मला खुर्ची दिली आणि मोठ्याने म्हणाले, "ह्या बग, म्याडम आल्यात. त्या सांगतील तुला."

हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. "सांगू नगा, म्याडम. वाचा. तिकडं वाचलं तसं. मंग मी सांगते काय समजलं ते."

आता वाचू नका असं चारचौघांत कोण म्हणणार? बबनरावांनी कागद आणून माझ्या हातात दिला. मी वाचू लागले. गट नंबर, चतुःसीमा, विहिरीखालची दोन एकरं, वरचं माळरान. मग ते वाक्य आलं. 'मी राजीखुशीने, स्वसंतोषाने, कोणाच्याही दडपणाशिवाय माझा हक्क कायमचा सोडून देत आहे. यापुढे मी किंवा माझे वारस त्यावर कधीही हक्क सांगणार नाही.' मी शेवटपर्यंत वाचलं.

"काय समजलं?" मी विचारलं. सवयीनं विचारलं. फील्डवर विचारायचे तसंच.

"विहिरीखालचं समदं जातंय," हिराबाई म्हणाली. "कायमचं. माज्या लेकीला बी कदी मागता यायचं न्हाई. आन मी खुशीनं देते आसं लिवलंय." तिने ताटातल्या साडीकडे पाहिलं. "मी खुश न्हाई."

"हिरे!" बबनराव.

"ह्यात माघार कुठं लिवलीय, म्याडम?"

"नाही लिहिलेली."

"मंग तुमचाच कागद बरा व्हता."

बबनरावांचा चेहरा उतरला. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते अगदी हळू आवाजात बोलले. "माहेर तुटंल, हिरा. मग मला बोल लावू नगंस."

हिराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती डगमगली नाही. "म्हंजी तू माज्याशी बोलनार न्हाईस. मंग तसं बी कागदात लिव ना, दादा. 'बोलनं बंद करीन, ह्या भ्यानं ती देती,' आसं लिव. लगीच अंगठा देते."

साक्षीदारांपैकी म्हातारा होता तो चप्पल शोधू लागला. सोमवारची जीप गेली नाही. हिराबाई साडी ताटातच ठेवून दुपारच्या एसटीने आण्याला परत गेली.

संध्याकाळच्या आत आम्हालाही खोली सोडायला सांगण्यात आलं. लोणीत एकाही घरानं आम्हाला आत घेतलं नाही. मात्र सामान टेम्पोत चढवत असताना तीन बायका मागच्या दाराने आल्या. मी घाईघाईने संमतीपत्रं काढली. त्यांना ती नको होती. त्यांच्या पदराखाली त्यांचे स्वतःचे कागद होते, जुने, घडीवर फाटलेले. "वाचून दाखवता का?" टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी तिन्ही वाचले.

एस्तरच्या प्रबंधाला दोनाऐवजी एकच गाव मिळालं. तिला शीर्षक बदलावं लागलं आणि परवानगी वाढवून मागावी लागली. समितीचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. त्यांनी अनपेक्षित त्रासाची गांभीर्याने चर्चा केली होती. ज्यांना त्रास झाला ते गृहस्थ अभ्यासात सहभागी नसल्याने तो नोंदवता येत नाही, असं त्यांचं मत पडलं. बबनरावांनी संमतीपत्रावर सही केली असती तर नोंद झाली असती.

हिराबाईचं नाव सातबाऱ्यावर राहिलं. दोन दिवाळ्या बबनरावांनी भाऊबीज टाळली. तिसऱ्या वर्षी ते आण्याला गेले. विहिरीखालची जमीन बहिणीला निम्मी ठेवून नवा कागद करायचं ठरलं. मला हे हिराबाईनेच आळेफाट्याच्या स्टँडवर भेटल्यावर सांगितलं. कागद ओसरीवर वाचला गेला, दोनदा. वाचून कुणी दाखवला, विचारलं तर हसली. "दादानंच."

आमचा अहवाल छापून झाला. त्यात बायकांना लोह कमी पडतं असा निष्कर्ष होता. तो बायकांना आधीपासून ठाऊक होता. एवढ्या खटाटोपात जे काही उपयोगी पडलं ते सुरुवातीच्या तीन पानांत होतं, आणि ती तीन पानं मला वेळेचा अपव्यय वाटली होती.

यानंतर एका रविवारी मी पिंपळवंडीला गेले. चहा झाल्यावर अण्णाला म्हटलं, "माझ्या हक्कसोडीची प्रत आहे का रे?"

तो दचकला. "कशाला? काही पाहिजेल का?"

"काही नको. वाचायचीय."

त्याने कपाटातून काढून दिली. मी ओसरीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'सदर दस्त मी स्वतः वाचून पाहिला, समजून घेतला, तो बरोबर आहे.' त्याच्या खाली माझी सही होती. मोठी, ठसठशीत, इंग्रजीतली.