पाच लिटर फिनेल

मालनबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. भाकऱ्या थापून, चार किलोमीटर चालून ती साडेपाचला गॅस प्रकल्पाच्या शेडमध्ये हजर असे. मी तिथे पंप सांभाळायचो. मला सहा वाजायचे.

नाशिकच्या हॉटेलांतला ओला कचरा घंटागाड्या आमच्याकडे आणून टाकत. हाच कचरा उघड्या ढिगात कुजला तर त्यातला मिथेन हवेत जातो आणि हवा तापवतो. बंद टाकीत कुजवला तर त्याच गॅसवर इंजिन चालतं, वीज होते. कचरा टाकीत जाण्याआधी त्यातले चमचे, रबर, दुधाच्या पिशव्या वेचणं हे मालनबाईचं काम. तिच्यामागे कोणाला पुन्हा वेचावं लागलं नाही.

एकदा दिल्लीचे पाहुणे प्रकल्प बघायला येणार होते. आदल्या दिवशी मालनबाईने कोणी न सांगता कचऱ्याचा हौद घासला आणि वास जावा म्हणून पदरच्या पैशाने आणलेलं फिनेल ओतलं. हौदातलं सगळं टाकीतच जातं. पाहुणे खूश होऊन गेले. तिसऱ्या दिवशी गॅसचा दाब पडला, इंजिन बंद.

सुपरवायझर रविराजने सगळ्यांना उभं केलं. "टाकीत काय गेलं?"

"गप बस गं," शेजारची लताबाई कुजबुजली. "कळतंय कोणाला?"

मालनबाईचं काम ठेक्याचं. नवऱ्याचे, म्हणजे निवृत्तीचे, सगळे दात काढलेले. कवळीचं माप देऊन झालेलं, पैसे तिच्याच पगारातून जायचे होते. तरी ती बोलली. "साहेब, हौदात फिनेल मी ओतलं."

"अहो, टाकीतले जंतू गॅस करतात. तेच मारलेत तुम्ही! किती ओतलं?"

"पाच लिटर."

"झाकणभर पुरत नव्हतं?"

"वास काय झाकणभर होता का, साहेब?"

रविराजलाही हसू आलं. मग म्हणाला, "महिन्यात टाकी सुरू झाली नाही, तर ठेकेदाराला तुमचं नाव द्यावं लागेल."

कारण कळल्यामुळे उपाय सापडला. टाकी अर्धी उपसून ताजं शेण भरायचं, त्यात तेच जंतू असतात. कामाची पाळी संपली की मालनबाई जवळच्या गोठ्यातून शेण वाहायची, रोज चाळीस पाट्या. आठव्या दिवशी लताबाईनेही पदर खोचला. चोविसाव्या दिवशी गॅस तपासायच्या शेगडीवर निळी ज्योत धरली. नाव कुठेच गेलं नाही.

त्या पगारात निवृत्तीची कवळी आली. त्याने बाजरीची भाकरी कोरडीच चावून खाल्ली.