ढग नव्हता तरी पाणी चढलं
आमच्या गावच्या, सिंदीच्या बाजारात सुकटीचा वास आला की मला आजही ती सहल आठवते. जहाजं दाखवायला मी बाबांना कोकणातल्या एका बंदरावर नेलं होतं. धक्क्यावर होड्यांतून मासळीच्या टोपल्या उतरत होत्या, दूर मोठी जहाजं उभी होती. पाण्यापासून बरंच अलीकडे एक सपाट खडक पाहून मी बाबांना त्यावर बसवलं. "हालू नोका, मी चहा आणतो." मी पडलो वर्ध्याचा, आभाळात ढग नाही म्हणजे पाणी चढत नाही, एवढंच माझं ज्ञान. टपरीवर तासभर गप्पा हाणून चहा घेऊन परतलो, तर बघतो काय! खडकाच्या चारी बाजूंनी समुद्र, आणि मधोमध बाबा उभे, गुडघाभर पाण्यात. "कोणत्या धरणाचं पाणी सोडलं हो?" मी एका कोळ्यावर ओरडलो. "भरती आहे, दादा. रोजच येते," म्हणत त्यानं होडी पाण्यात घातली आणि बाबांना किनाऱ्यावर आणलं. "बाबा, तुमी निघाले काऊन नाई?" "तूनंच त सांगतलं नं बे, हालू नोका म्हनून!" आता बाबा गावभर सांगतात, "पोरानं जहाजं लय जवळून दाखवली." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.