होडी थांबली, पातं नाही

नागपूरच्या कंपनीत माझं काम होतं, यंत्राचे वेगवेगळे प्रोग्राम एकत्र नीट चालतात का ते तपासणं. तेव्हा आम्ही तलावातली जलपर्णी कापणारी, आपोआप चालणारी होडी बनवत होतो. कॅमेऱ्याचा प्रोग्राम एका गटाचा, इंजिनाचा दुसऱ्याचा, पात्याचा तिसऱ्याचा. सुटे तपासले की तिन्ही पास. पण तिन्ही जोडून, चाचणीच्या टाकीत होडीसमोर ड्रम ठेवला की होडी थांबायची आणि दहातून तीनदा पातं फिरतच राहायचं. थांबण्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

मी साहेबांना सांगितलं.

"होडी थांबते ना? मग झालं. सोमवारी तलावावर पाहुणे येताहेत. दुरुस्ती नंतर बघू."

मी चाचणीच्या कागदावर सही केली. नोकरी नवीन होती, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला ऐकवत राहिले.

तलाव भद्रावतीजवळचा, माझ्या मामाच्या गावचा. जन्मभर तो तिथंच मासे धरत आला. जागा मीच सुचवली होती. "समोर माणूस आला की थांबते," हेही मीच त्याला सांगितलं होतं.

सोमवारी होडी सुटली तेव्हा मामा कंबरभर पाण्यात जाळं बाजूला ओढत होता. होडी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. काठावर टाळ्या वाजल्या. जाळ्याचं टोक होडीखाली अडकलं होतं. ती थांबलेली पाहून मामाने सोडवायला पाण्यात हात घातला. मी ओरडले, ते कुणाला ऐकू गेलं नाही.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

'मच्छीमाराने सूचना पाळली नाही,' असं अहवालात लिहिलं गेलं. सूचना कुणी दिलीच नव्हती. पात्याची दुरुस्ती एका दुपारी झाली. तपासलीही मीच. दहातून दहादा थांबलं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात मामाने विचारलं, "तुले मालूम होतं काय, बाई?"

"नाई, मामा."

"मंग रडून काऊन राह्यली? माहीच चूक. मीच हात घातलो."

मामी माझ्याकडे एकदा पाहून डबा धुवायला निघून गेली.

आता मामाला जाळ्याची गाठ मारता येत नाही, मामी मारते. पोरीचा काई दोष नाई, असं तो गावभर सांगतो. मी अजून त्याच कंपनीत आहे. मामाला खरं सांगितलेलं नाही.